लिहायचं नाव, बोलायचं नाव

आमच्या घरात इंग्रजी मोठ्यानं म्हटली जायची ती मागाच्या खोलीत. घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे होता. विणकराच्या घरी उजेडावर पहिला हक्क कापडाचा, मग अभ्यासाचा. भंडाऱ्यातल्या आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरांत हीच रीत होती. बाबा मागावर बसलेले, माय बाजूला चरख्यावर सुताच्या कांड्या भरतेय आणि मी भिंतीला टेकून ओरडतेय. ओरडावंच लागायचं, कारण मागाच्या खटखटीत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसे.

मी ओरडायची, "कनिफे! कनिफे म्हणजे चाकू! वेडनेसडे! वेडनेसडे म्हणजे बुधवार!"

हे चुकीचं होतं असं नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायची. पाचवीच्या आमच्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की इंग्रजी शब्दाला दोन नावं असतात. एक लिहायचं, एक बोलायचं. घरी तुम्हाला बबी म्हणतात आणि दाखल्यावर वेगळं नाव असतं, तसंच. लिहायचं नाव पाठ करायचं असेल तर अक्षरं जशी दिसतात तशी मराठीसारखी वाचायची, एकही अक्षर गाळायचं नाही. बोलायचं नाव गुरुजी सांगतील ते. म्हणून आम्ही लिहिताना मनात 'कनिफे' म्हणायचो आणि तोंडानं 'नाइफ'. माझ्या पिढीतल्या किती मुलांनी असं केलं असेल ते मोजता येणार नाही. कबूल मात्र फार थोडे करतात.

मायला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण रोज ऐकून ऐकून तिला माझे शब्द तोंडपाठ झाले होते. कांडी फिरवता फिरवता ती मध्येच थांबायची.

"काय वो, काल त 'नेइघबोउर' म्हणत होती. आज मधला 'घ' कुठं गेला?"

मी वही बघायची. 'घ' खरंच राहिलेला असायचा.

नियम मला पुढे कॉलेजात भेटले. शेवटी अमुक अक्षर आलं की आधीचा स्वर लांबतो, तमुक अक्षरापुढे 'सी'चा 'स' होतो. प्रत्येक नियमामागे अपवादांची शेपटी. ती इतकी लांब की मूळ जनावर केवढं हेच समजेना. मी विणकराची मुलगी. आमच्याकडे काठाची वीण ठरली की ठरली, तिथे अपवादाला उसवणं म्हणतात. त्यामुळे इंग्रजीच्या नियमांवर माझा विश्वास कधी बसलाच नाही. शब्दकोशावर बसला.

तो बसायलाही एक कारण झालं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात उतारा वाचताना मी एका शब्दाचं लिहायचं नाव वाचलं, कारण बोलायचं नाव मला कोणी सांगितलंच नव्हतं. शहरातली मुलं हसली. सरही हसले, पण पुस्तकामागे. मी उतारा पूर्ण वाचला आणि खाली बसले. त्याच महिन्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन शब्दकोश आणले. एक इंग्रजी-मराठी, ज्यात प्रत्येक शब्दापुढे देवनागरीत उच्चार होता. दुसरा नुसता इंग्रजी, ज्यात उच्चारासाठी चिन्हं होती, उलट्या 'ई'सारखी, दोन टिंबांची. ती चिन्हं मी मुळाक्षरांसारखी गिरवली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी घेऊन उतरलेलीही पहिली. हे मी सांगते, कारण ते खरं आहे.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मला साकोलीला नोकरी लागली. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाची कोणतीही शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, मग ती सिमेंटच्या गोदामाच्या माडीवर का भरेना. आमची तशीच भरायची. पहिलं वर्ष कच्चं. वर्षाअखेर प्राचार्यांनी हो म्हटलं तर कायम, नाही तर घरी. घरी म्हणजे पुन्हा चरखा. चरख्याची मला लाज नव्हती. पण पदवी घेऊन कांड्या भरायला बसणं मला मान्य नव्हतं, आणि मायला तर मुळीच नव्हतं.

प्राचार्या मॅडम नागपूरच्या. त्यांच्या कपाटात काचेमागे एक जाडजूड शब्दकोश असायचा, किल्ली पर्समध्ये. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द चालणार नाही आणि इंग्रजी ओळीवर पेन्सिलनं मराठीत उच्चार लिहिलेला दिसला तर ते पुस्तक जप्त, असे त्यांचे दोन नियम होते. दोन्ही मी पाळले. फक्त वर्गाचं दार लोटून मुलांना दोन नावांची गोष्ट सांगितली. मुलं धान पिकवणाऱ्यांची, दुकानदारांची, एसटीतल्या लोकांची. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही. त्यांना गोष्ट लगेच पटली. दिवाळीपर्यंत श्रुतलेखनात आमचा वर्ग सगळ्यात पुढे होता. मॅडम खूश होत्या. कसं जमलं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस शिपाई मला बोलवायला आला. ऑफिसात एक पालक बसले होते. बसले होते म्हणजे खुर्चीच्या टोकावर, उठायच्या तयारीत. हे मूळचे दिघोरीकडचे शेतकरी, साकोलीत बस स्टँडजवळ धानाचा व्यापार. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

"हेच का ते मॅडम?" त्यांनी प्राचार्यांना विचारलं.

"हो. आता काय झालं ते यांच्यासमोर सांगा."

"काय सांगू? नागपुरात माह्या साळ्याच्या पोरीचं साक्षगंध होतं. सगळे सूटबूटवाले. मी म्हटलं, आपणबी दाखवू काहीतरी. पोरीले पुढे घेतलं अन् सगळ्याईसमोर म्हटलं, धिस इज माय डाउघटर."

प्राचार्यांनी ओठ घट्ट मिटले.

"हासा, हासा. तेथं त लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. साळा म्हणते, जावाईबापू, हे कोणतं डॉक्टर? पोट्टे माह्या मागे मागे फिरून राहिले, डाउघटर, डाउघटर. जेवणाच्या पंगतीत वाढणारा मले विचारते, डाउघटर, बुंदी देऊ का?"

"पण तुम्हाला हा शब्द शिकवला कोणी?" मी विचारलं.

"तुमी! पोरगी रोज संध्याकाळी दुकानात बसून घोकते. मी पोते मोजत मोजत ऐकतो. म्हटलं, पोरीची फी भरून राहिलो, त्याच पैशात आपलंबी शिकून होते. किती शब्द पाठ केले मी! अन् सगळे खोटे!"

आता प्राचार्या माझ्याकडे वळल्या. मुलांना हे असं शिकवता का, म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि कसं शिकवते तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, लोक पोरांना कॉन्व्हेंटमध्ये लिहिण्यासाठी नाही पाठवत. बोलण्यासाठी पाठवतात. हे पालक चार लोकांत हसू झाले. उद्या हीच गोष्ट गावभर होईल. यांची तक्रार अशीच राहिली तर मार्चमध्ये तुमच्या कागदावर मी सही कशी करू?"

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. शाळा त्यांना चालवायची होती.

पण नोकरी माझी होती. मी त्या गृहस्थांकडे वळून विचारलं, "भाऊ, तुम्ही धान मोजता, तेव्हा पहिल्या मापाला काय म्हणता?"

"लाभ."

"एक नाही म्हणत?"

"छे! मोजताना एक म्हणत नाहीत. लाभ, दोन, तीन. आमचा आजाबी तसाच मोजे."

"आणि हिशोब लिहिताना?"

"लिहिताना एकच लिहितो ना. लाभ कोण लिहीन?"

"मग तुमचा लाभ खोटा का?"

ते खुर्चीत मागे सरकून पहिल्यांदा नीट बसले. मला वाटलं, झालं, मिटलं. पण तो माणूस व्यापारी होता.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण लाभ कुठं म्हणायचं अन् एक कुठं म्हणायचं, हे मले बापानं सांगतलं. हे तुमी मले काहून नाही सांगतलं?"

"मी तुमच्या मुलीला शिकवत होते, तुम्हाला नाही. तिला दोन्ही नावं येतात. विचारा तिला."

"तिले कसं विचारू?" त्यांचा आवाज खाली आला. "त्या दिवशीपासून पोरगी दुकानात घोकतच नाही. मी आलो का पुस्तक मिटते. तिले वाटते, तिच्यापायी बाप हासू झाला. मले वाटते, माह्यापायी तिले खाली पाहा लागलं."

प्राचार्या मॅडम पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

शेवटी त्यांनीच ठरवून टाकलं. साक्षगंध झालेल्या त्या मुलीचं लग्न मार्चमध्ये होतं. तोवर भाऊंनी तक्रार मागे घ्यायची नाही. तोवर मी त्यांना बोलायची नावं शिकवायची. त्याच लोकांत, त्याच साळ्यासमोर ते नीट बोलून आले तर तक्रार संपली आणि माझं कायम होणं सुरळीत. नाही तर, त्या म्हणाल्या, "तर मग आपण बघू." ते 'बघू' मला चांगलं समजलं.

मी रोज भंडाऱ्याहून एसटीनं यायची. संध्याकाळच्या गाडीला उशीर हा ठरलेलाच. त्यांचं दुकान स्टँडजवळ, समोर बाक. गाडीची वाट बघता बघता आमची शिकवणी व्हायची. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश सोबत आणायची, देवनागरी उच्चारांचा. त्यांनी तो हातात घेतला, मागून पुढून पाहिला, तळहातावर तोलला.

"याच्यावर शिक्का कुठं आहे?"

"कसला शिक्का?"

"आमच्या काट्यावर दरसाल सरकारचा शिक्का मारून आणा लागते. नाही त दंड. हे पुस्तक खरं तोलते हे कोण पाह्यते?"

मी म्हटलं, शिक्का नसतो. लोक जसं बोलतात तसं ऐकून कोशवाले लिहून ठेवतात. मानणारे मानतात.

"अन् दोन पुस्तकाईत दोन भाव निघाले त?"

तसंही होतं, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरा शब्दकोशही आणला आणि एका शब्दाचे दोन उच्चार शेजारी शेजारी छापलेले दाखवले. दोन्ही बरोबर म्हणे. ते भलतेच खूश झाले.

"म्हणजे हा बाजारभाव आहे! भंडाऱ्यात एक, साकोलीत एक. मंग हे मले समजते."

तिथून गाडी रुळावर आली. त्यांची पद्धत मी बदलली नाही. आधी ते लिहायचं नाव म्हणायचे, मग मी बोलायचं नाव सांगायची. 'घ' खायचा हे त्यांना फार जड गेलं. घ लिहिलाय तर पैसे दिलेत, मग तो म्हणायचा का नाही, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, पोत्याचं वजन कापून भाव धरता ना? त्यांनी कपाळावर हात मारला. "बारदान! हे 'घ' म्हणजे बारदान!" त्यानंतर न उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्येक अक्षराला ते बारदान म्हणू लागले. नाइफमधला 'के' बारदान, वेन्सडेमधला 'डी' बारदान. माझ्या प्राध्यापकांनी यासाठी अर्धं पान खर्च केलं होतं.

ग्राहक थांबून बघायचे. कोणी म्हणायचं, "शेठ, या वयात कॉन्व्हेंट?" ते म्हणायचे, "फी भरली आहे, वसूल करून राहिलो."

मुलगी आत पोत्यांवर बसून असायची. पुस्तक उघडं, ओठ मिटलेले. वर्गात ती बोलायची, इथे नाही. तिला बोलतं करणं माझ्याकडून होण्यासारखं काम नव्हतं.

घरी मी ही सगळी हकिकत मायला सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं चरखा थांबवला.

"म्हणजे ते इंग्रजी नव्हतं?"

"कोणतं?"

"तू घोकत होती ते. कनिफे. वेडनेसडे. मी त आजपर्यंत तेच इंग्रजी समजत होती."

मी म्हटलं, इंग्रजीच होती माय, लिहायची.

तिनं थोडा विचार केला. "मंग बरं आहे. लिहूनच त पास झाली तू," म्हणाली आणि पुन्हा कांडी भरू लागली. माझं कायम होणं मार्चमध्ये ठरणार हे तिला माहीत होतं. मी निघताना ती डब्यात रोज एक पोळी जास्त ठेवू लागली, त्या भाऊंना दे म्हणून. भाऊंनी ती कधी नाकारली नाही.

फेब्रुवारी संपत आला तोवर त्यांना एक वाक्य पक्कं येत होतं, तेच जुनं. ते म्हणताना मात्र त्यांचा श्वास अडायचा. 'माय'पर्यंत सरळ जायचे, मग थांबायचे, मनात लिहायचं नाव म्हणून घ्यायचे, बारदान कापायचे आणि मग 'डॉटर'. मी सांगितलं, थांबू नका. ते म्हणाले, "तुमाले काय जाते सांगाले. बुंदी मले वाढली होती."

लग्न झालं. सोमवारी पहिल्या तासाला शिपाई आला. मी खडू टेबलावर ठेवला आणि वर्गाला वाचत राहायला सांगून निघाले. ऑफिसात ते बसले होते, या वेळी खुर्चीत पूर्ण मागे टेकून. पण चेहरा पडलेला. मार्चच्या कागदांचा गठ्ठा टेबलावरच होता.

"काय झालं?" प्राचार्यांनी विचारलं. "बोललात?"

"बोललो ना."

"मग?"

"काय सांगू मॅडम. साळा होता, त्याचे सगळे सूटबूटवाले होते. मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हटलं, धिस इज माय डॉटर. एका दमात. थांबलो नाही."

"मग काय झालं?"

"काहीच नाही! कोणी मान वर करूनबी नाही पाह्यलं. नवरदेवाचा काका म्हणते, हो का, कितवीत आहे? अन् लागला जेवाले. मी म्हटलं, याले ऐकू नाही आलं. मोठ्यानं म्हटलं. तो म्हणे, हव हव, समजलं. बस! चार महिने शिकलो मी! चुकलो होतो तेव्हा अख्ख्या मांडवाले समजलं होतं का हा इंग्रजी बोलून राहिला. बरोबर बोललो त कोणाच्या गावीबी नाही!"

प्राचार्या मॅडम हसल्या. मी त्यांना त्या वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसताना पाहिलं. मलाही हसू आलं, पण मी नजर गठ्ठ्यावर ठेवली होती.

"मग तक्रार?" त्यांनी विचारलं.

"कायची तक्रार आता? मागे घेतली. पण एक सांगतो. माह्या पोरीले लिहायचंच नाव आधी शिकवा. बोलायचं मी शिकवीन घरी." उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचं पुस्तक खरं तोलते. शिक्का नसला तरी."

मॅडमनी माझा कागद काढून सही केली. मग म्हणाल्या की ही लिहायची नावं वर्गात घ्यायची तर मनातल्या मनात घ्या, व्हरांड्यात ऐकू येता कामा नये. मी मनातल्या मनात मान्य केलं. पुढे बरीच वर्षं मी त्या शाळेत होते आणि दार लोटूनच शिकवत राहिले. वरच्या वर्गांची इंग्रजीही माझ्याकडे आली. कपाटातला तो जाड शब्दकोश एकदा मॅडमनी आपणहून काढून दिला. त्यात 'डॉटर'च्या पुढे तीच चिन्हं होती जी माझ्या जुन्या शब्दकोशात होती. मी शब्दकोश मिटून परत केला.

त्या सोमवारी संध्याकाळी गाडीला नेहमीसारखा उशीर होता. मी बाकावर बसले. शब्दकोश आणला नव्हता, आता गरज नव्हती. आत माप सुरू होतं. "लाभ," ते म्हणाले आणि पोतं सरकलं. "दोन." पोतं सरकलं. मग पोत्यांमागून मुलीचा आवाज आला. आधी बारीक, मग नेहमीचा.

"नेइघबोउर. नेइघबोउर म्हणजे शेजारी."

"नेबर," ते मापावरची नजर न काढता म्हणाले. "तीन."

"डाउघटर."

मोजणी थांबली. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील.

"हे मले येते," ते म्हणाले. "पुढचं सांग. चार."

गाडी आली. गर्दी होती, पण खिडकी मिळाली.